कंपासपेटी कोणत्या खान्यात? सीमाशुल्काचे वर्गीकरण आणि आपला वर्ग



माझी एक जुनी विद्यार्थिनी सीमाशुल्क विभागात, म्हणजे कस्टम्समध्ये आहे. मध्यंतरी ती एका आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाला जाऊन आली. विषय होता मालाचे वर्गीकरण. मी सहज म्हटलं, "अगं, वर्गीकरण तर सहावीतच शिकवलं होतं की!" ती हसली. टेबलावरची कंपासपेटी उचलून म्हणाली, "सर, ही कुठे टाकाल?"

मला सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा लागतो आणि त्यावरून कर ठरतो. क्रमांक चुकला तर व्यापाऱ्याला दंड, नाहीतर सरकारचा महसूल बुडाला. प्रत्येक देशाने स्वतःची वेगळी यादी केली तर गोंधळच. म्हणून जागतिक सीमाशुल्क संघटनेने एक सामाईक पद्धत तयार केली. संघटनेचे मुख्यालय ब्रुसेल्सला आहे. पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. तिचे २१ विभाग, ९७ प्रकरणे. त्यातले ७७ वे प्रकरण रिकामे आहे, पुढे लागलं तर असू द्यावं म्हणून! पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंकांचे शीर्षक, सहा अंकांचे उपशीर्षक. सहा अंकांपर्यंत सगळीकडे सारखे; भारत पुढे दोन जोडून आठ करतो. दुकानाच्या जीएसटी बिलावर 'एचएसएन' लिहिलेले असते ना, ते हेच.

आता दप्तर उघडा. वही ४८२०, पेन्सिल ९६०९, शार्पनर ८२१४, रबरी खोडरबर ४०१६, पट्टी आणि कर्कटक ९०१७. मग हे सगळे एकत्र भरलेली कंपासपेटी कुठे?

यासाठी सहा नियम आहेत आणि प्रशिक्षणात खरा घाम त्यावरच गाळावा लागतो, असं ती म्हणाली. पहिला नियम मला फार आवडला: प्रकरणाचे नाव फक्त शोधायच्या सोयीसाठी, निर्णय शीर्षकातील मजकूर आणि टिपा वाचूनच घ्यायचा. (आपली मुलं धड्याचं नाव वाचून उत्तर लिहितात, ते आठवलं.) दुसरा नियम सांगतो की सुटे भाग करून खोक्यात आणलेली सायकल ही सायकलच. तिसरा नियम वस्तू दोन-तीन ठिकाणी बसत असेल तेव्हाचा. आधी जास्त नेमके वर्णन पाहायचे. त्याने सुटले नाही तर वस्तूला तिचे मूळ रूप कशामुळे येते ते पाहायचे. तेही जमले नाही तर त्यांतले क्रमाने शेवटचे शीर्षक घ्यायचे. कंपासपेटीचा जीव आखणीच्या साधनांत, म्हणून अख्खी पेटी ९०१७. पेन्सिल, शार्पनर आपापले क्रमांक सोडून तिच्याबरोबर जातात.

हे भांडण कोर्टातही जाते. अमेरिकेत १८८३ च्या कायद्याने भाज्यांवर १० टक्के कर होता, फळांवर नव्हता. टोमॅटो आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी दावा केला की हे तर फळ. १८९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की वनस्पतिशास्त्रात टोमॅटो फळच. पण लोक ते जेवणात भाजी म्हणून खातात, तेव्हा करासाठी भाजी. आजच्या पद्धतीतही टोमॅटो भाज्यांच्या ७ व्या प्रकरणात आहे. आपल्याकडे खोबरेल तेलाचा खटला असाच गाजला. लहान बाटलीतले तेल खायचे की केसांना लावायचे? खाद्यतेल १५१३, केसांची प्रसाधने ३३०५. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही.

हे वाचल्यावर मला एक जुनी चाचणी आठवली. एका मुलाने टोमॅटो 'फळे' या रकान्यात लिहिला होता. मी एक गुण कापला होता, कारणही न विचारता. आता मी प्रश्नच बदललाय: "टोमॅटो कोणत्या गटात आणि का?" गुण 'का'ला.

वर्गात करून पाहायचे असेल तर साहित्य काहीच लागत नाही. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येकाने दप्तरातली एक अडचणीची वस्तू काढायची. गट आधी नियम लिहितो, मग वस्तू लावतो. नियम मध्येच बदलायला बंदी. आमच्याकडे पट्टीचे निशाण असलेल्या पेन्सिलीवर पूर्ण तास गेला. मधली सुट्टी झाली तरी दोन गट भांडतच होते, ती पेन्सिल अजून माझ्या खणात आहे.