केवल मूल्य: दुसरं उत्तर कुठे हरवतं?

नववीत |क्ष − ३| = ५ सोडवताना मी ‘क्ष = ८’ लिहून मोकळा झालो आणि अर्धे गुण गेले. आकडेमोड बरोबर होती. केवल मूल्य म्हणजे अंतर, हेच डोक्यात नव्हतं.

आता असं बघा. संख्यारेषेवर ३ वर उभे राहा, ५ पावलं चाला. उजवीकडे गेलात तर ८, डावीकडे गेलात तर −२. दोन्ही उत्तरं बरोबर!

आलेखातही तेच दिसतं. य = |क्ष − ३| चा आकार इंग्रजी ‘व्ही’सारखा, टोक (३, ०) वर. य = ५ ही आडवी रेषा त्याला दोनदा छेदते: क्ष = −२ आणि क्ष = ८ असताना.

आणि समीकरणात ५ ऐवजी −५ असेल तर? रेषा टोकाच्या खालून जाते, छेदतच नाही. अंतर ऋण नसतं ना, म्हणून उत्तरच नाही!