घाटमाथ्याची थंडी, बाटलीतली लाली

येडशीहून बार्शी-टेंभुर्णीमार्गे अकलूजला उतरलं की 'सेत्ते'चे मळे लागतात. फ्रातेली कंपनीची ही उंची लाल वाइन सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांची. इटलीचे पिएरो मासी तिचे वाइनकार. कॅबर्नेमुळे तुरटपणा आणि भारदस्तपणा येतो, सांजोव्हेसेमुळे तरतरीत आंबटपणा. रंग येतो तो सालींतून. गर जवळपास रंगहीनच. म्हणून रस सालींसकट आंबवतात.

मळा उंचावर असण्याचा फायदा काय? दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. रात्री गार असल्या की द्राक्षातला आंबटपणा टिकतो, साल रंग धरते. अर्जेंटिनातल्या साल्टा प्रांतात तर 3000 मीटरच्याही वर मळे आहेत! अकलूज त्या मानाने सखल, येडशीच्या बालाघाटाहूनही खाली. तिथे भिस्त छाटणीच्या वेळेवर: एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळछाटणी, म्हणजे घड हिवाळ्यात भरतात. माझ्या मते आपल्याकडे उंचीपेक्षा हे वेळापत्रकच मोलाचं.

लाल वाइन 'नेहमीच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कामाचा नाही. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवा. 16 ते 18 अंश पुरे.