मैदानावरची यारी: पोराला क्लबात घालायचं का?

पालकसभेत दरवर्षी एखादे अब्बा हा प्रश्न घेऊन येतातच. "सर, पोरगं रविवार अख्खा मैदानावर घालवतं. त्यातून मिळतं काय?" टीम इंडियात निवड होणं लाखात एकाच्या नशिबी असतं, हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. मग उरतं काय? माझ्या मते ओळखी उरतात, आणि त्या मोहल्ल्याबाहेरच्या असतात.

जुना दाखला 1911 चा आहे. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा 'ऑल इंडिया' नावाचा संघ मुंबईहून बोटीनं इंग्लंडला गेला. पगारी खेळाडूंचा हा संघ नव्हता. कुणी डॉक्टर, कुणी रेल्वेत नोकरीला, तर शफकत हुसेन, सलामुद्दीन खान, सय्यद हसन हे अलीगढच्या कॉलेजातून आलेले. पारशी, हिंदू, मुस्लिम एकाच संघात. कप्तान पटियाळ्याचे महाराजा भूपिंदरसिंग, वय अवघं 19. ते फारच थोड्या सामन्यांत उतरले. सगळी मदार बाळू पालवणकर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजावर. पुण्याच्या मैदानावर ज्या बाळूला सोबतचे खेळाडू चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात देत, तोच इथं संघाचा आधार. दौऱ्यात त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले.

निकाल म्हणाल तर 23 पैकी 15 सामने हरले, 6 जिंकले. पण टाँटनला सॉमरसेटविरुद्ध बाळूचा भाऊ शिवराम शतक ठोकून नाबाद राहिला आणि संघ एका विकेटनं जिंकला. तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे, त्याची जात-जमात काय, हे बघत बसायला कुणाला फुरसत असेल?

दौऱ्याची गंमत यातच आहे. सामना काही तासांत उरकतो. पण बोट, आगगाडी, परक्या देशातलं जेवण, पावसात कोंडलेली दुपार हे सगळं सोबत काढावं लागतं. घरी आपण रोज ज्यांच्यापासून दूर बसतो, त्यांच्याच शेजारी महिनोन्‌महिने बसायची वेळ येते.

म्हणून सगळं बदललं असं मात्र नाही. परतल्यावर बाळूला हिंदू संघाचं कप्तानपद मिळालं नाहीच, जात आडवी आली. ते 1923 मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आणि 1912 पासून मुंबईच्या स्पर्धेत मुस्लिम संघही उतरू लागला, म्हणजे इंग्लंडला एकत्र गेलेली मंडळी आता धर्माच्या नावानं समोरासमोर. गांधीजींना ही धर्मावर बेतलेली स्पर्धा पटत नव्हती, त्यांनी 1940 मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. 1946 ला ती बंदच झाली. मला विचाराल तर बरं झालं.

पण त्याच स्पर्धेतली एक गोष्ट आपल्या घरांत सांगायला हवी. 1944 ची फायनल, ब्रेबॉर्न स्टेडियम. हिंदूंचे कप्तान विजय मर्चंट, मुस्लिमांचे मुश्ताक अली. मुंबईच्या के. सी. इब्राहिमनं नाबाद 137 काढले आणि मुस्लिम संघ एका विकेटनं जिंकला. आता हे दोन कप्तान कोण, तर 1936 च्या दौऱ्यात मँचेस्टरला 203 धावांची सलामी देणारे जोडीदार. आणि त्या फायनलनंतर दोनच वर्षांनी, 1946 मध्ये, त्याच मँचेस्टरला दोघं पुन्हा एकत्र सलामीला उतरले आणि 124 जोडल्या. देशात त्या वर्षी वारं कसलं वाहत होतं, ते आपल्या बुजुर्गांनी सांगितलेलं आहेच.

1911 च्या संघातल्या डॉ. होरमसजी कांगांचं नाव आजही मुंबईच्या पोरांच्या तोंडी असतं. त्यांच्या नावाची कांगा लीग 1948 ला सुरू झाली, तीही भर पावसाळ्यात. खेळपट्टी झाकायची नाही, औटफिल्डवर गवत वाढलेलं, चेंडू सीमेपर्यंत जाताना जीव जातो. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल इथं पाऊस आला की सगळे तंबूत. खेळापेक्षा वाट बघणंच जास्त. इस्लाम जिमखान्याचा पोरगा, शेजारच्या हिंदू किंवा पारशी जिमखान्याचा पोरगा एकाच ताडपत्रीखाली ओले बूट काढून बसतात, वडापाव वाटून खातात. नोकरी, कॉलेज, बहिणीचं लग्न, गप्पा तिथंच होतात.

कोकणातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. कुवेत, दुबई, कतारला गेलेली पोरं सुट्टीच्या दिवशी सकाळी टेनिस बॉलचे सामने खेळतात. सुरुवातीला गावाच्या नावानं टीम असते. मग माणसं कमी पडतात, कंपनीतला केरळी किंवा रूम-पार्टनर पाकिस्तानी खेळायला येतो, आणि आजारपणात डबा घेऊन दारात तोच उभा राहतो.

तर त्या अब्बांना मी एवढंच सांगतो. पोराला क्लबात घालताना फी, प्रवास, किटचा खर्च आधी विचारा. महागडी बॅट लगेच घेऊ नका, क्लबचं किट बहुतेक ठिकाणी सामाईक वापरतात. जोहरच्या नमाजसाठी लंचमध्ये वेळ मिळतो का, हेही कोचला मोकळेपणानं विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. शक्य असेल तर आपल्या गल्लीबाहेरचा क्लब निवडा. आणि पहिल्या एक-दोन रविवारी स्वतः जाऊन तंबूत बसा, बाकीच्या पोरांचे वडीलही तिथंच बसलेले असतात.