विश्लेषण : दोन संगणक, एक कीबोर्ड... मग बटणे ‘हरवतात’ का?

तुंगार्लीच्या घरातून मुंबई-पुण्याची नोकरी करायची, तर टेबलावर अनेकदा दोन संगणक येतात : कार्यालयाचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप. कीबोर्ड, माउस आणि स्क्रीन दोघांत वाटून देणारी डबी म्हणजे ‘केव्हीएम स्विच’. साध्या कीबोर्डबरोबर ती निमूट चालते. छोटा, दोन तुकड्यांचा किंवा जादा बटणांचा कीबोर्ड जोडला, की कुरबुरी सुरू होतात.

असे का होते?

अनेक स्विच कीबोर्डची खरी ओळख संगणकापर्यंत पोहोचूच देत नाहीत. स्वतःच साधा कीबोर्ड असल्याचे सोंग घेतात. त्यामुळे स्विच दुसरीकडे वळला तरी पहिल्या संगणकाला कीबोर्ड जोडलेलाच दिसतो. पण हे सोंग बेताचे असते. यूएसबीच्या मूळ पद्धतीत कीबोर्डचा निरोप ८ बाइटचा. त्यात शिफ्ट, कंट्रोलसारखी ८ बटणे आणि एका वेळी इतर ६ बटणेच मावतात. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांचा निरोप वेगळा असतो. तो वाटेतच गळू शकतो. त्यात बरेच स्विच ‘स्क्रोल लॉक’ दोनदा दाबल्यावर संगणक बदलतात आणि छोट्या कीबोर्डवर नेमके तेच बटण नसते!

मराठीचे काय?

कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. १३ हा क्रमांक आला की इंग्रजी मांडणीत ‘जे’ उमटतो, इनस्क्रिप्टमध्ये ‘र’. हे ठरवतो तो संगणक. घरी इनस्क्रिप्ट आणि लॅपटॉपवर रेमिंग्टन असेल, तर कितीही महागडा स्विच आणला तरी उपयोग नाही. दोन्हीकडे एकच मांडणी लावावी लागते. पासवर्डच्या चौकटीत तर अक्षरे ठिपक्यांआड असतात. चुकीच्या मांडणीत तीन-चार प्रयत्न फसले, की खाते बंद पडण्याची वेळ येते.

मार्ग काय?

स्विचवर साधे यूएसबी पोर्ट असेल, तर कीबोर्ड त्यात लावून पाहावा. सगळी बटणे बहुधा चालू लागतात. मात्र बटणांनी संगणक बदलण्याची सोय जाते, डबीवरचे बटण दाबावे लागते आणि दर वेळी संगणक कीबोर्डला नव्याने ओळखतो. कीबोर्डच्या आतच बटणांची अदलाबदल साठवता येत असेल, तर ‘स्क्रोल लॉक’ एखाद्या रिकाम्या बटणावर बसवता येते. ही अदलाबदल संगणकातल्या सॉफ्टवेअरने होत असेल, तर ते लॅपटॉपवरही हवे. तिथे कार्यालयाच्या आयटी विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.