'प्रेझेंट' कुठे तोडावा?

छमाहीच्या उत्तरपत्रिका वाटल्यानंतर सातवीतील एका विद्यार्थिनीचे वडील आम्हाला भेटायला आले. मुलीने इंग्रजी निबंधात वाढदिवसाच्या भेटीबद्दल लिहिले होते. ओळीच्या शेवटी जागा संपली म्हणून तिने 'प्रेझेंट' हा शब्द तोडला. पी-आर-ई वर ठेवले, पुढे लहान आडवी रेघ दिली आणि एस-ई-एन-टी खालच्या ओळीत नेले. बाईंनी अर्धा गुण कापला. वडिलांनी घरचा शब्दकोश सोबत आणला होता आणि त्यात शब्द अगदी असाच तोडलेला होता. बाईंनी शाळेतला कोश उघडला. तिथे एस हे अक्षर पहिल्या तुकड्यात होते. दोन्ही कोश चांगले, दोन्ही माणसे प्रामाणिक. मग चूक कोणाची?

थोडे पुढेमागे पाहिल्यावर उलगडा झाला. त्या कोशांत हा शब्द दोनदा येतो, एकदा नाम व विशेषण म्हणून आणि एकदा क्रियापद म्हणून. वडिलांचे बोट क्रियापदावर होते, बाईंचे नामावर. भेटवस्तू किंवा 'हजर' असा अर्थ असेल तर जोर पहिल्या अवयवावर येतो आणि उच्चार साधारण 'प्रेझंट' असा होतो. अशा वेळी पी-आर-ई-एस वर आणि ई-एन-टी खाली. देणे, सादर करणे असा अर्थ असेल तर जोर दुसऱ्या अवयवावर सरकतो, उच्चार 'प्रिझेंट' होतो, आणि तुटतोही ई नंतर, म्हणजे मुलीने तोडला तसा. आपण मराठीत जो 'प्रेझेंट' लिहितो त्यात पहिला अवयव नामाचा आणि दुसरा क्रियापदाचा आहे! आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. आमच्या वर्गात तर 'प्रजेंट सर' असे म्हणत. त्यामुळे मुलांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही.

मुलीने तसे का तोडले, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिने बाराखडीच्या न्यायाने तोडले. देवनागरीत व्यंजन आपला स्वर घेऊन एक अक्षर होते: 'प्रे' हे एक, पुढचे व्यंजन पुढच्या अक्षराचे. इंग्रजीतही पूर्वी शाळेची पुस्तके बरीचशी अशीच शब्द तोडत. इंग्लंडमधील डिलवर्थ यांचे स्पेलिंगचे पुस्तक अठराव्या शतकात अमेरिकेतही चाले. त्या जुन्या पद्धतीत 'हॅबिट' हा शब्द एच-ए आणि बी-आय-टी असा तुटे. नोआ वेबस्टर या शिक्षकाने १७८३ साली आपले पुस्तक काढले आणि सांगितले की जसे बोलतो तसे तोडा. ऱ्हस्व स्वरावर जोर असेल तर पुढचे व्यंजन त्याच्याच सोबत राहू द्या, म्हणजे एच-ए-बी आणि आय-टी. 'प्रेझंट' मधला एस पहिल्या तुकड्यात गेला तो याच कारणाने. आमच्या मुलीची चूक अडीचशे वर्षांपूर्वी चूक ठरली नसती.

अर्थाकडे वळू. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'समोर असणे'. समोर आहे तो हजर, समोर आहे तो वर्तमानकाळ, आणि समोर ठेवणे म्हणजे क्रियापद. मराठीत एकाच शब्दाने भागत नाही. कार्यक्रम सादर करतो, पुरस्कार प्रदान करतो, आरोपीला न्यायालयात हजर करतो, पाहुण्यांची ओळख करून देतो. इंग्रजीत या सर्वांना हे एकच क्रियापद चालते. डॉक्टर लिहितात की रोगी ताप घेऊन 'प्रिझेंट' झाला, म्हणजे ती तक्रार घेऊन समोर आला. एन.सी.सी.च्या मुलांना माहीत असलेल्या 'सलामी शस्त्र' या हुकुमाच्या इंग्रजी रूपातही हेच क्रियापद आहे. पालकांनी घरी मुलांकडून एकेक वाक्य मराठीत करवून घ्यावे, नुसता अर्थ पाठ करवून घेऊ नये.

जोर सरकला की नामाचे क्रियापद होते, असे आणखी काही शब्द आहेत: रेकॉर्ड, ऑब्जेक्ट, परमिट, प्रोजेक्ट. सर्वच शब्द असे वागत नाहीत. 'रिपोर्ट' आणि 'आन्सर' नाम असोत की क्रियापद, जोर तिथेच राहतो. मराठी-हिंदीत जोर हलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला ही सवय नाही. ती मोठ्याने वाचूनच लागते.

संगणकालाही हे जमले नाही, हे मुलांना सांगितले तर त्यांना धीर येईल. छपाईसाठी टेक नावाची प्रणाली आहे. तिच्यात इंग्रजी शब्द तोडण्याची पद्धत फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधात मांडली. हजारो शब्द ती नियमाने तोडते, पण तिच्यासोबत १४ अपवादांची एक छोटी यादी आहे. त्यात 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' हे शब्द न तोडता ठेवले आहेत. वाक्यात नाम आहे की क्रियापद, हे यंत्राला कळत नव्हते. म्हणून त्याला सांगितले, हात लावू नकोस.

आमचाही मुलांना हाच सल्ला आहे. शंका असेल तर शब्द तोडू नका, पूर्ण शब्द खालच्या ओळीत न्या. एका अवयवाचा शब्द तर कधीच तोडू नये. 'हेल्प्ड' आणि 'वॉक्ड' कितीही लांब दिसले तरी एकच अवयव आहेत. शेवटचे ई-डी वेगळे उच्चारले जाते ते मूळ क्रियापदाच्या शेवटी टी किंवा डी चा आवाज असेल तेव्हाच, जसे 'वाँटेड'. सुरुवातीचे एकटे अक्षर ओळीच्या टोकाला सोडू नये, म्हणून 'अग्री' आणि 'अगेन' दोन अवयवांचे असूनही अखंडच राहतात.

अर्ध्या गुणाचे काय झाले, हे पालक विचारतील. बाईंचे तोडणे कोशाप्रमाणे बरोबर होते. पण हा नियम आम्ही वर्गात कधी शिकवलाच नव्हता. तेव्हा न शिकवलेल्या गोष्टीचा गुण कापता येत नाही, असे आमचे मत पडले. बाईंनाही ते पटले आणि गुण परत दिला. निघताना मुलीने विचारले, "मग हजेरीला काय म्हणायचे?" आम्ही सांगितले, 'प्रेझंट', जोर पहिल्यावर. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गावरून जाताना आम्ही मुद्दाम थांबलो. चार-पाच मुलांनी तसे म्हटले, बाकीच्यांनी नेहमीसारखेच, आणि मागच्या बाकावरून एकाने खणखणीत आवाजात "हजर!" म्हटले.