परिचारिकेची परीक्षा आणि घरचीं माणसें

घरांतील मुलगी अगर सून परीक्षेला बसली म्हणजे वडीलधारी मंडळी दोन प्रश्न हटकून विचारतात: आधीं ‘सगळें पाठ झालें ना?’ आणि मागाहून ‘पेपर कसा गेला?’ परिचारिकेचा परवाना मिळविण्यासाठीं अमेरिकेंत ‘एनक्लेक्स’ नांवाची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या बाबतींत हे दोन्ही प्रश्न गैरलागू आहेत. दुसरा तर निष्ठुरपणाचाच म्हणावा लागेल. २०१५ पासून कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनींही हीच परीक्षा स्वीकारली आहे, आणि आपल्याकडील पदवीधर परिचारिकाही तीस बसतात. म्हणून तिचें स्वरूप घरच्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

तींत विचारतात तें या धर्तीवर. तुमच्याकडे चार रुग्ण आहेत: एकाची कालच शस्त्रक्रिया झाली असून जखम ठणकते आहे, मधुमेहाच्या एका गृहस्थांची साखर जेवणापूर्वीं १८० भरली आहे, एक बाई घरीं जाण्याच्या कागदांसाठीं खोळंबल्या आहेत, आणि दम्याच्या चौथ्या रुग्णाची घरघर एकाएकीं थांबून त्याला ग्लानि आली आहे. प्रथम कोणाकडे जाल? आपण बहुतेक कण्हणाऱ्याकडे धांवूं. परंतु येथें घरघर थांबली याचा अर्थ दमा ओसरला असा नसून, छातींत हवाच खेळेनाशी झाली असा आहे. दम्याचीं लक्षणें मुखोद्गत असलेली मुलगीही येथें चुकूं शकते. शिवाय कोणतें काम मदतनिसावर सोपवावें व कोणतें स्वतःच करावें, हेंही विचारतात. रुग्णाचें अंग पुसण्यापासून पुष्कळ कामें जेथें नातेवाईकच करतात, अशा रुग्णालयांत शिकलेल्या मुलीस हें नवें असतें. औषधांचीं नांवें बदलतात तीं निराळींच: आपलें पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन होतें.

परीक्षा संगणकावर होते. उत्तर बरोबर आलें कीं पुढला प्रश्न कठीण, चुकलें कीं सोपा. त्यामुळें चांगल्या उमेदवाराचींही निम्म्याच्या आसपास उत्तरें चुकतात. २०२३ पासून प्रश्न कमींत कमी ८५ व जास्तींत जास्त १५०, वेळ पांच तास. उमेदवार पात्रतेच्या रेषेवर आहे कीं खालीं, याची शेंकडा ९५ खात्री पटली कीं यंत्र थांबतें. गुण मिळत नाहींत. तेव्हां पेपर कसा गेला हें बाहेर आलेल्या मुलीस खरोखरच सांगतां येत नाहीं, आणि ‘अमकीचे पंच्याऐंशींतच आटोपले’ या वाक्यालाही कांहीं अर्थ नाहीं. अनुत्तीर्णांचेही तेवढ्यांत आटोपतात.

रमाबाई रानडे यांच्या पुणें सेवासदनाच्या काळीं या शिक्षणाला घरची संमति मिळविणें हेंच दिव्य होतें. आतां संमति मिळते. वेळ मिळत नाहीं. रात्रपाळी करून आलेल्या सुनेनें स्वयंपाक उरकून मग पुस्तक उघडावें, ही अपेक्षा सुशिक्षित घराला शोभत नाहीं. सासूबाईंनीं दुपारचे दोन तास तिचे म्हणून राखावेत. वैद्यक न जाणणाऱ्या आजोबांनाही एक काम आहे: सरावाचा प्रश्न वाचावा, उत्तर ऐकावें, आणि ‘उरलेलीं तीन कां नव्हेत?’ एवढेंच विचारावें. कारण सांगतां सांगतां आपण कोठें अडतों, हें तिचें तिलाच उमगतें.

अपयश आलें तर ४५ दिवसांनंतर पुन्हां बसतां येतें. कोणत्या भागांत ती कमी पडली याचें पत्रक मंडळाकडून येतें. तें नातेवाइकांत फिरवूं नये, तिच्या मेजावर ठेवावें.