चाळिसांच्या सभागृहातलं एकेचाळिसावं मत

नायब राज्यपाल म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते. राष्ट्रपतींनी नेमलेला, केंद्राच्या वतीने राजनिवासात बसलेला माणूस. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात लेफ्टनंट गव्हर्नर असतो, पण त्याला कोणी नेमत नाही. दर चार वर्षांनी राज्यभरातले मतदार त्याला थेट निवडतात, आणि तेही गव्हर्नरपेक्षा वेगळं मत देऊन. म्हणून दोघं दोन पक्षांचेही निघू शकतात. २००५ साली लोकांनी गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट टिम केन यांना निवडलं आणि त्यांचे नायब म्हणून रिपब्लिकन बिल बोलिंग यांना!

काम तसं थोडं. गव्हर्नरपद मध्येच रिकामं झालं तर ते सांभाळायचं, आणि राज्याच्या सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसायचं. पद अर्धवेळ, पगार वर्षाला सुमारे ३६ हजार डॉलर. सभागृहात एरवी मतही नाही. सिनेटर चाळीस, वीस-वीस मतं पडली, तरच नायबाचा हात वर होतो.

या 'तरच'मध्ये केवढी ताकद दडली आहे! २०१२ मध्ये सिनेट नेमकी वीस-वीस अशी विभागली गेली. खुर्चीत बोलिंग होते, म्हणून सभागृहाचा आणि समित्यांचा ताबा रिपब्लिकनांकडे गेला. (अर्थसंकल्पावर मात्र नायबाचं मत चालत नाही. तिथे निवडून आलेल्या सदस्यांचंच बहुमत लागतं.)

पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. २०१३ मध्ये डेमोक्रॅट राल्फ नॉर्थम नायब म्हणून निवडून आले. हे लहान मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर, आणि तोवर याच सिनेटचे सदस्य. त्यामुळे त्यांची स्वतःची जागा रिकामी झाली. ती गेली असती तर वीस-वीस राहिलं नसतं आणि नॉर्थम यांच्या निर्णायक मताला अर्थही उरला नसता. जानेवारी २०१४ च्या पोटनिवडणुकीत ती जागा त्यांच्या पक्षाने राखली. फेरमोजणीनंतरचं मताधिक्य किती? अकरा मतं. आपल्याकडे एखाद्या वाड्यात राहतील एवढी माणसं! तेवढ्यावर पारडं फिरलं. सभागृह तेच, आकडे तेच, पण या वेळी ताबा डेमोक्रॅटांकडे. तोही टिकला जूनपर्यंतच. त्यांच्यातल्या एका सिनेटरने राजीनामा दिला आणि वीस विरुद्ध एकोणीस झालं. आता बरोबरीच होत नव्हती, मग खुर्चीतल्या मताला विचारतो कोण?

म्हणून व्हर्जिनियाच्या मतपत्रिकेवरच्या या दुसऱ्या नावाकडे मी फार उत्सुकतेने पाहतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे डेमोक्रॅट गझाला हाशमी जिंकल्या. जन्म हैदराबादचा, चार वर्षांच्या असताना त्या अमेरिकेत गेल्या. नॉर्थम यांच्यासारख्याच त्याही सिनेटच्या सदस्य होत्या. त्या निवडून आल्या त्या रात्री सिनेटमध्ये डेमोक्रॅट २१ होते आणि रिपब्लिकन १९.